मिटलेलं तोंड

घराण्यातला पहिला पदवीधर मी. भुताखेतांना मानत नाही. पण परवा वारलेल्या शाहिरांच्या बायकोनं, काकूंनी, मी काढलेला त्यांचा फोटो भिंतीवरून उतरवून माझ्याच हातात दिला. "गातानाचा नको रे. दार लावलं की आवाज येतो. तोंड मिटलेला दे."

मोर्चे, सभा, जलसे. सगळ्या निगेटिव्ह उजेडात धरून पाहिल्या. प्रत्येकीत तोंड उघडंच. माणूस थांबतो, पण फोटो त्याला थांबू देत नाही. मिटलेल्या तोंडाचा एकच निघाला, तिरडी उचलण्याआधी अंगणात काढलेला.

तोच भीत भीत नेऊन दिला. काकूंनी तो टांगला आणि समोर बैठक मारली.

"जन्मभर गातच राहिले. आता माझं ऐकतील. तू नीघ बाबा, आम्हाला बोलायचंय."