अर्जदाराच्या घरी न जेवण्याबाबत

विषय : सुभेदार शंकरराव (निवृत्त) यांस मोकळ्या जागेत दोन खोल्या बांधण्यास परवानगी देणेबाबत.

संदर्भ : १. अर्जदाराचा अर्ज. २. शेजाऱ्याची हरकत. ३. अर्जदाराच्या घरी न जेवण्याचा बोर्डाचा ठराव.

वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, नगरपालिकेत कारकून म्हणून जन्म काढला की माणसाकडे पेन्शन कमी आणि किस्से जास्त जमतात. फायलींना निदान वाळवी लागते. किश्शांना तीही लागत नाही.

साताऱ्याहून सांगलीला जाताना एसटी चहापुरती थांबते, ते आमचं गाव. सत्तरच्या दशकात सिमेंटला परमिट लागायचं आणि घर बांधायला आमचं बोर्ड लागायचं. दोन्ही वेळेवर मिळाल्याचं ऐकिवात नव्हतं.

•

आधी ठरावाचं सांगतो. एका अर्जदारानं बोर्डाला मटणाचं जेवण घातलं होतं आणि बोर्डानं त्याला ओढ्यात दुमजली इमारत बांधायची परवानगी दिली होती. पावसाळ्यात ओढा आपल्या जागेवर परत आला. गावात फार शोभा झाली.

तेव्हा बोर्डातले एकमेव शिकलेले सभासद, निवृत्त हेडमास्तर देवधर गुरुजी, यांनी ठराव मांडला : ज्या सभासदानं अर्जदाराच्या घरी अन्न घेतलं, त्यानं त्या अर्जावर कधीही मत देऊ नये.

अध्यक्ष आबासाहेब, उसाचे मोठे बागायतदार, काळजीत पडले. "गुरुजी, तंबाखू चालंल का?"

"तंबाखू अन्न नव्हे."

"आन् पान?"

त्यावर जेवणाच्या सुट्टीपर्यंत चर्चा झाली. पान चालेल, पण गिळू नये, असं ठरलं.

•

या ठरावानंतर पहिलाच अर्ज आला तो सुभेदारांचा. पलटणीतून रिटायर झालेला सरळ माणूस. पोराचं लग्न ठरत होतं, पण मुलीच्या बापानं बजावलं होतं, "एका खोलीत तुमी दोगं आन् ही दोगं? आधी दोन खोल्या दावा, मग पोरगी."

अजून पायाही खणला नव्हता, तोवर शेजारच्या तात्यांची हरकत आली : नव्या घराच्या पागोळ्यांचं पाणी माझ्या अंगणात पडेल. हरकत आली की तीन सभासदांनी जाऊन जागा बघायची, असा नियम होता. अडचण एकच होती. जागा सुभेदारांच्या घराला लागून होती आणि घरात त्यांची बायको हौसाबाई होत्या.

•

पहिल्या पाहणीला आबासाहेब, गुरुजी आणि आणखी एक सभासद गेले. सोबत मी, टेप धरायला. हौसाबाईंनी थालीपिठं लावलेली होती.

गुरुजींनी हात जोडले. "बाई, आम्हांला इथे खाता येत नाही."

"का? आमी कुणाचं काय वंगाळ केलंय?"

"तसं नाही. ठराव आहे."

"मग ठरावाला उपाशी ठेवा. तुमी बसा." एवढं बोलून त्या दारातच ठाण मांडून बसल्या. "आमच्या दारातनं कुनी रिकाम्या पोटी गेलं न्हाई. तुमी न्हाई खाल्लं तर मीबी आज जेवत न्हाई."

बाईमाणूस उपाशी राहणार म्हटल्यावर आबासाहेबांनी पहिला तुकडा मोडला. लोण्याचा गोळा बघून गुरुजींचंही तत्त्व विरघळलं. तिघे बाद.

कारकुनाला मत नसतं. मी पोटभर जेवलो.

•

दुसरी तुकडी मुद्दाम एकादशीला पाठवली. तिघेही कडक उपासाचे. हौसाबाईंनी वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी आणि रताळ्याचे काप केले होते.

पुढच्या सभेत प्रश्न आला : फराळ म्हणजे अन्न का? गुरुजी शास्त्र सांगू लागले. आबासाहेबांनी त्यांना थांबवून तिघांपैकी थोरल्याला विचारलं, "पोट भरलं का?"

"लय भरलं. घरी जाऊन झोपलो."

"मग अन्नच हाय." आणखी तीन बाद.

•

आता बोर्डात उरले थोडेच. त्यांचे म्होरके अण्णासाहेब, हळदीचे व्यापारी. ते आणि त्यांचे सोबती जैन असल्यानं सूर्यास्तानंतर काही घेत नसत. म्हणून तिसरी पाहणी दिवेलागणीनंतर ठेवली.

हौसाबाई खरोखरच हरल्या. कुणी घोटभर पाणी घेतलं नाही. मात्र कुणाला जागाही दिसली नाही. अण्णासाहेब अंधारात हद्दीच्या दगडावर ठेचकाळले. अहवालात त्यांनी लिहवून घेतलं : "पूर्वेकडील हद्द बरोबर आहे. बाकीची लागली नाही."

अंगठ्याला हौसाबाईंनी हळद लावली होती. ती अन्नात धरावी का, असा मुद्दा निघाला. अण्णासाहेब म्हणाले, "धरा की हो. पण हळद माझ्याच दुकानातली हाय."

•

शेवटी सुभेदारांनी बायकोला हात जोडून एक दिवस माहेरी, दहिवडीला, धाडलं. अण्णासाहेबांच्या तुकडीनं भर उन्हात जागा पाहिली. पागोळीसाठी पन्हळ घातली की हरकत मिटते, असं तात्यांनीही कबूल केलं. सुभेदार मात्र मान खाली घालून उभे होते. "दारात पाव्हणं आन् चूल थंड. शत्रूवर अशी येळ येऊ नये."

अहवाल निर्मळ झाला. त्या दिवशी मी उपाशी परतलो.

•

पाहणी झाली, हे कळताच व्याही खूश झाले. "मग परवानगी आलीच की," म्हणून त्यांनी लगोलग तारीख धरली. पुढं मुहूर्त नव्हते. सभा होती लग्नानंतर.

मांडव त्याच जागेत पडला. आमंत्रण साऱ्या गावाला. अण्णासाहेब आणि मत शाबूत असलेले त्यांचे सोबती आहेर देऊन मांडवाच्या तोंडाशी घुटमळत राहिले. आत पंगत बसत होती.

सुभेदार स्वतः बाहेर आले.

"सुभेदार, आमी जेवलो तर मत द्यायला एकबी माणूस उरत न्हाई," अण्णासाहेब हळूच म्हणाले. "तुमीच सांगा, काय करू?"

सुभेदारांनी एकदा मांडवाकडं पाहिलं. आत नवी सून उखाणा घेत होती.

"आण्णा, खोल्या ऱ्हाऊ द्या. पंगतीला बसा."

सगळे बसले. तरी अण्णासाहेब पत्रावळीला हात लावेनात. तेवढ्यात व्याही बुंदीचा लाडू घेऊन आले आणि त्यांनी तो आग्रहानं अण्णासाहेबांच्या तोंडात घातला.

"घ्या, अण्णासाहेब. आन् तेवढं आमच्या पोरीच्या खोल्यांचं बगा."

सदर अर्ज निर्णयासाठी प्रलंबित आहे.