दाजी बसले

एका जागी बसणं या साध्या कामात माणूस किती सपशेल नापास होऊ शकतो, हे ज्याला पाहायचं असेल त्याने आमच्या दाजींना पाहावं. दाजी म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, यजमान. घर जळकोटला, नोकरी पाटबंधारे खात्यात. निवृत्त झाल्यावर कालवा सुटला, पण चालणं सुटलं नाही. जेवताना भाजी मागायची नाही. उठून स्वयंपाकघरात जायचं, वाढून घ्यायची आणि तिथेच उभ्याने संपवायची. नांदेडला आमच्याकडे येताना एसटी कंधारला थांबली की हे खाली उतरणार, आणि स्टँडला चक्कर मारून येईपर्यंत गाडी गेलेली असणार. त्यामुळे नांदेडच्या स्टँडवर आधी गाडीतून त्यांची पिशवी उतरवून घ्यायची आणि मग त्यांची वाट बघत बसायचं, हे माझं ठरलेलं काम. एकदा तर सांत्वनाला गेलेले दाजी रडणाऱ्या मंडळींना ओलांडून थेट न्हाणीत गेले आणि तिथला गळका नळ बघून त्यांनी पान्हा मागवला.

शुगर निघाली तीही त्यांनी मनाला लावून घेतली नाही. "शुगर बसणाऱ्याला व्हती. आपण बसलोच कवा?" एवढं म्हणून ते गोळी विसरायचे, चहातली साखर मात्र विसरायचे नाहीत.

मग एकदा तूर काढलेल्या रानातून ते घरी आले आणि फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. दाजी हादरले. त्यांनी अक्कांचे तळवे तपासले, सुनेचे तपासले, शेजारीण पीठ मागायला आली होती तिलाही पाय दाखवायला लावला. शेवटी अक्कांनी त्यांचाच पाय धरून वर केला. तुरीचा खुंट चपलेतून आरपार जाऊन अंगठ्यात मोडला होता आणि यांना पत्ताच नव्हता.

जखम भरेना. लातूरच्या डॉक्टरांनी समजावलं की साखरेने पायाची जाणीव गेली आहे आणि मोठ्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत. एरवी शरीर जखमेभोवती बारीक नव्या वाहिन्या काढतं, त्यातून रक्त पोचतं आणि मांस धरतं. साखरेत मुरलेल्या शरीराला हेच जमत नाही. निरोप जातो, पण काम होत नाही, आणि निघालेल्या वाहिन्याही कच्च्या राहतात. साखर आवरा, पायावर भार देऊ नका, नाहीतर अंगठा जाईल, मग पाऊल.

दाजींना यातला निम्माच भाग पटला. कालवा बुजला की बाजूने लहान पाटाची चारी काढायची, यात तर त्यांची हयात गेली होती. पण चारी मोकळी व्हायला पाणी जोरात सोडावं लागतं! तेव्हा रक्त खाली ढकलायला म्हणून हा गृहस्थ दुपारी सगळे लवंडले की पट्टी बांधलेल्या पायाने गच्चीवर फेऱ्या घालू लागला. अक्कांना वाटायचं, वानरं आली. पट्टी सोडली तेव्हा अंगठा काळा पडला होता.

अंगठा काढावा लागला. पाऊल तरी वाचावं म्हणून मी त्यांना आमच्याकडे आणून ठेवलं. इन्सुलिनची सुई सुरू झाली, साखर बंद झाली. खुर्चीत ते असे बसायचे की फक्त बूड टेकलेलं, बाकी सगळे दाजी उठलेले. मी धास्तीने ऑफिसातून सारखा बायकोला फोन करायचो, दाजी बसलेत ना?

हळूहळू जखमेत लाल दाणे दिसू लागले. नव्या वाहिन्या धरल्यात, असं इथले डॉक्टर म्हणाले, आणि पुढे जखम मिटत आली तेव्हा त्यांनी खास चप्पल घालून घरातल्या घरात थोडं चालायला परवानगी दिली. मी मोठ्या हौसेने ती जाड तळव्याची चप्पल आणून दाजींपुढे ठेवली. दाजी उठले नाहीत. पायाकडे बघत हलक्या आवाजात म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. लई बारीक हायत त्या नव्या वाहिन्या. आत्ताशी उभ्या ऱ्हाऊन राहिल्यात. माझ्या वजनानं मरतील."

डॉक्टरच चाला म्हणतात, असं मी परत परत सांगितलं. "हाव," म्हणाले आणि दोन्ही हातांनी तो पाय जपून स्टुलावर ठेवून तसेच बसून राहिले. मला काही त्यांच्यासमोर बसवेना; मी आपला या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालत राहिलो.