सरांनी निवडलेला पाटा

अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखनाच्या चुकाही असतील. माफ करा. चौथीनंतर हातात पेन्सिलीऐवजी छिन्नी आली.

सर सक्करदऱ्याच्या माझ्या दुकानात उकिडवे बसून एका काळ्या दगडाकडे टक लावून पाहत होते. बायको पसंत करतानाही इतका वेळ घेतला नसेल. सर कॉलेजात दगडांचाच विषय शिकवून रिटायर झालेले. काकूंसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी, त्यांना पाटा हवा होता.

"हाच घडव."

दगडात मुगाएवढी छिद्रं होती, काहींत पांढरे खडे चमकत होते. तो मी ताडपत्रीच्या दोरीला वजन म्हणून ठेवला होता.

"हा लाव्हा, बाई. वितळलेला दगड जमिनीवर पसरला. वरचा थर लवकर थंड झाला, वायूचे बुडबुडे आतच अडकले. त्यांचीच ही छिद्रं. मधला भाग सावकाश थंड झाला, म्हणून तो भरीव."

म्हणजे पिठल्यासारखंच, माझ्या मनात आलं. भरीव दगडावर हातोडी मारली की ठण्ण वाजतं. हा बद्द वाजत होता. पण सरांना दगडातलं काय सांगायचं? पाटा घडवून दिला. बाराशे रुपये घेतले आणि त्याच पैशांतून खदानीतले नवे दगड आणले.

पाच दिवसांनी काकू पाटा ऑटोत घालून आल्या. मागे सर.

"काहून वं, काय देऊन राहिली लोकायले? काल भिवापुरी मिरची वाटली. तीनदा घासून धुतला. आज पुरण वाटलं, तर जावई अजून पाणी पिऊन राहिला!"

"छिद्रांत मिरची अडकते, हे खरं तर..." सर म्हणाले.

"तुम्ही चूप बसा. जन्मभर दगड शिकवले अन् पाटा नाही ओळखता आला!" मग माझ्याकडे वळून, "तुले माहीत होतं ना?"

"हो."

"मग बोलली काहून नाही?"

"सर बोलून राहिले होते."

काकू हसत सुटल्या. सर पांढरे खडे मोजू लागले.

पण पाटा परत आला तर पैसे परत, हा माझ्या सासूपासूनचा शब्द. तो मोडला असता तर काकूंच्या गल्लीतलं एकही गिऱ्हाईक राहिलं नसतं. गल्ल्यात चारशेच होते. ते दिले. सर नको म्हणत होते, काकूंनी घेतले. वर शेजारणींचे गुळगुळीत झालेले पाटे टाकी लावायला, म्हणजे छिन्नीनं पुन्हा खरबरीत करायला, मिळवून दिले.

बोलायला मला अजूनही जमत नाही. आता हातोडी गिऱ्हाइकाच्या हातात देते. दगड स्वतःच बोलतो.

तो दगड पुन्हा ताडपत्रीला बांधला. महिन्याभरात उरलेले आठशेही काकूंच्या हातावर ठेवले.