भाऊजी झेलला गेले तेव्हा

"…ह्यांना जेलला नेतायत गं. अरबाब स्वतः घेऊन चाललाय, सगळं कुटुंब…"

आणि लिफ्टचं दार बंद झालं.

आता तुम्हीच सांगा, एवढं कानावर पडल्यावर कुठल्या बाईच्या हातातली भाजीची पिशवी जागेवर राहील? कुवेतच्या अब्बासिया भागातली आमची ही लिफ्ट एरवी बंदच असते. नेमकी तेव्हा चालली.

आत होती समोरच्या फ्लॅटमधली सुलभा, फोनवर बोलत. तिचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, एका कुवेती मालकाच्या कंपनीत मेसचे मुख्य आचारी. मालकाला इथे अरबाब म्हणतात. भाऊजी इतके गरीब, की आमटीत मीठ जास्त पडलं तर टोपाचीसुद्धा माफी मागतील. आणि त्यांना जेल?

बिल्डिंगमधले लोक मला भोचक म्हणतात. म्हणोत. त्यांना दुसऱ्याबद्दल बोलायची खोडच आहे. मी आपली चहापत्ती मागायच्या निमित्ताने सुलभाकडे गेले. बघते तर बाई बॅग भरतेय, आणि बॅगेत काय? स्वेटर! बाहेर डांबर वितळतंय आणि ही लोकरीचे मोजे गुंडाळतेय. तिथं फार गारठा असतो म्हणे. मी मनात म्हटलं, सरकारी एसी, चालवत असतील चोवीस तास.

किती दिवस, विचारलं. पंधरवडा, म्हणाली. अरबाब खूश झाला तर दरवर्षी नेईल.

डोळ्यांत टिपूस नाही हो. उलट गाणं गुणगुणत होती. धक्का बसला की डोक्यावर असा परिणाम होतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून तो अभद्र शब्द मी मोठ्या मनाने तोंडातून काढलाच नाही. काढला असता तर पुढचं सगळं टळलं असतं, पण माझा चांगुलपणा नडतो तो असा.

घरी आले, मालवणहून आलेले सुके बोंबील फ्रीजरमधून काढले आणि तिला नेऊन दिले. म्हटलं, "तिथलं अन्न भाऊजींच्या घशाखाली उतरायचं नाही. हे द्या बरोबर."

"वहिनी, तुमच्याच लक्षात आलं बघा," म्हणाली आणि माझा हात धरला. मलाच रडू आलं.

पण खरा घोर वेगळाच होता. त्यांच्या प्राजक्ताचं स्थळ मीच जमवलेलं, इथल्याच जहरा गावातल्या सामंतबाईंच्या मुलाशी. दोघं एकमेकांना पसंत, फक्त सुपारी फुटायची बाकी. अशात बाप आत गेल्याचं बाहेरून कळलं तर? त्यापेक्षा आपल्या माणसाने नीट सांगितलेलं बरं. मी फोन लावला. सामंतबाईंना म्हटलं, वडील काही दिवस आत असतील, पण त्यात पोरीचा काय दोष? पोरगी सोन्यासारखी आहे.

पलीकडून एवढंच, "बघू. कळवतो."

त्यानंतर तिकडून फोन नाही. प्राजक्ताचा चेहरा रोज उतरत चालला. नेहमी इंग्रजीत फाडफाड बोलणारी पोर, मला जिन्यात म्हणाली, "मावशी, माझं काही चुकलं का?"

भाऊजी परत आले, त्यानंतरच्या शुक्रवारी सामंतबाई मुलाला घेऊन हजर. नकार तोंडावर द्यायची त्यांची पद्धत. मीही जाऊन बसले. स्थळ माझं होतं ना!

सामंतबाईंनी भाऊजींना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. भाऊजी गालावर लाल, अंगाने चांगले भरलेले.

"तिथं वागवतात कसं?" बाईंनी हळूच विचारलं.

"फार प्रेमाने. सकाळी खिडकी उघडली की समोर तळं."

"बाहेर सोडतात?"

"सोडतात म्हणजे? पाळण्यात बसवून डोंगरावर नेतात."

"आणि बरोबरचे लोक?"

"आपले कुवेतीच निम्मे. पुढच्या वर्षी परत जायचंय."

सामंतबाईंचा चहा बशीत सांडला. "अहो, पण गुन्हा काय होता?"

मग भाऊजींनी मोबाइल काढला. तळं, बर्फाचे डोंगर, दगडी बुरुजाचं जुनं देऊळ त्या लोकांचं. ऑस्ट्रियातलं गाव, नाव झेल आम झे. कुवेती लोक उन्हाळ्यात तिथेच जातात आणि अरबाबला तिथलं जेवण रुचत नाही, म्हणून आचारी बरोबर.

आता हे काय गावाचं नाव झालं? आणि एवढं बघायला तरी काय आहे तिथे? पडकं देऊळ बघायचं, काठ्या घेऊन उगाच डोंगर चढायचा आणि आलो तिथेच परत उतरायचं. आमच्या गावी एवढी चढण सरपणासाठी चढायचो, फोटो नाही काढला कुणी.

हे मी बोलले, पण ऐकत कोण होतं? सामंतबाईंनी माझ्या फोनचं सांगून टाकलं होतं, सगळे माझ्याकडेच बघत होते.

सामंतबाई पदरात तोंड लपवून इतक्या हसल्या, की मुलाने त्यांची पाठ थोपटली. म्हणाल्या, "सुपारी फोडू आजच. फक्त आमंत्रणं तोंडी करायची झाली तर ह्या वहिनींना पाठवू नका." प्राजक्ता आत पळाली, ती बहुतेक हसायलाच.

मी चप्पल शोधत होते, तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "वहिनी अगदीच खोटं नाही बोलल्या हं."

झालं होतं असं, की एके दुपारी मंडळी डोंगरावर गेलेली. भाऊजींनी एकट्यासाठी चुलीवर काहीतरी भाजायला घेतलं. धूर झाला, वास सुटला, भोंगा वाजला, शेजारच्या म्हातारीला वाटलं आत कुणीतरी मेलंय. बंब आला, पोलीस आले. पासपोर्ट अरबाबच्या खिशात आणि अरबाब बर्फात. तो उतरून येईपर्यंत भाऊजी झेलच्या पोलीस ठाण्यात बाकावर बसून.

"पण असं भाजत काय होतात?" सामंतबाईंनी विचारलं.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. भला माणूस, मोबाइल खिशात ठेवायला लागला.

सुलभा बोलली. "वहिनींचे बोंबील."