पार्कातला रातांबा

झाडांवर प्रेम करणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात, पण झाडांशी कडाकडा भांडणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहायला होता. सगळी बिल्डिंग त्यांना नुसतं काका म्हणायची. सकाळी दूध यायच्या आधी मागच्या जागेतून त्यांचा आवाज थेट दुसऱ्या मजल्यावर आमच्या अंथरुणापर्यंत यायचा. "अहो, चार पानं टाकून बसलात, लाज कशी वाटत नाही? जरा शेजारणीकडे बघा!" आम्ही नव्याने राहायला आलो तेव्हा माझी बायको घाबरलीच. तिला वाटलं, खालचे गृहस्थ काकूंना बोलताहेत. चौकशी केली तर कळलं, बोलणी मिरचीला बसत होती आणि शेजारीण म्हणजे भेंडी. काकू चहा गाळता गाळता शांतपणे म्हणाल्या, "माझ्याशी एवढं बोलले असते ना, तर संसार जरा बरा झाला असता." एक मात्र होतं, कितीही चिडले तरी काका झाडांना अहोजाहो करायचे. अरेतुरे फक्त माणसांसाठी होतं, तेही आवडत्या.

नव्वदच्या आसपास विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात आम्ही सगळ्यांनी फ्लॅट घेतले, तेव्हा बिल्डरच्या रंगीत कागदावर बिल्डिंगच्या मागे एक पार्क काढलेला होता. त्यात कारंजं होतं, हिरवळ होती आणि फुगा धरलेली एक गोरीपान मुलगी होती. ताबा मिळाला तेव्हा मागे विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या आणि दगड झालेली सिमेंटची गोणी निघाली. आम्ही बाकीचे कारंज्याची वाट बघत बसलो. काका फावडं घेऊन उतरले. कोकणातून मुंबईत आलेल्या ह्या माणसाने उमेदीची सगळी वर्षं चाळीच्या गॅलरीत, डालड्याच्या डब्यात तुळस लावून काढली होती. आता पायाखाली जमीन दिसल्यावर त्यांना धीर कुठला निघायला? पावसाळा सरेपर्यंत न्हाणीच्या पाइपाखाली अळू माजलं, भिंतीशी कढीलिंब उभा राहिला, गवती चहा, सोनटक्का, मिरच्या, भेंडी, जिथे बोटभर माती दिसेल तिथे काहीतरी उगवायला लागलं. आणि ह्या सगळ्याच्या मधोमध एक रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड. त्याचं रोप काकांनी गावाहून एस्टीतून आणलं होतं. खिडकीजवळची जागा त्याला वारा लागावा म्हणून दिली, आणि काकू दांडीला धरून उभ्या.

पाण्याची मात्र पंचाईत होती. तेव्हा पाणी टँकरने यायचं आणि टँकरवाल्याच्या मर्जीने यायचं. प्यायच्या पाण्याची मारामार असताना झाडांना पाणी घालणं म्हणजे बिल्डिंगभर शिव्या खाणं. काकांनी त्यावर तोड काढली. रोज सकाळी ते बादली घेऊन दारोदार फिरायचे आणि तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, पालेभाजी धुतलेलं पाणी गोळा करायचे. त्यामुळे कोणाच्या घरी काय शिजतंय हे त्यांना वास यायच्या आधी कळायचं. मला जिन्यात गाठून विचारायचे, "काय रे, आज पाहुणे वाटतं? पाणी बरंच निघालंय." तिसऱ्या मजल्यावरच्या नवरा-बायकोचं भांडण झालेलं सगळ्यांत आधी काकांनाच कळलं, कारण त्या दाराशी सकाळी पाणीच नव्हतं. अर्नाळ्याहून येणारी मासेवाली तर जिन्याखाली बसून मासे साफ करून द्यायची आणि जाताना हाक मारायची, "काका, पानी ठेवलाय बोंबलाचा, घाल तुझ्या मिरचीला!" त्या मिरच्यांचा तिखटपणा विचारू नका. काकांच्या मते तो बोंबलाचा, काकूंच्या मते रोजच्या बोलण्यांचा.

ह्या बागेतून रिकाम्या हाताने परत जायची सोय नव्हती. एकदा आमचे साहेब सहकुटुंब जेवायला आले. सुटाबुटातले साहेब निघाले तेव्हा त्यांच्या एका हातात ब्रीफकेस होती आणि दुसऱ्या हातात अळूची जुडी, देठ खाली लोंबत. सोमवारी ऑफिसात मी मान खाली घालून बसलो होतो. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून हळूच विचारलं, "त्या काकांकडे पुन्हा कधी जायचं?"

एवढं सगळं पिकत होतं, पण रातांबा काही धरेना. फुलं यायची, झडून जायची, फळाचा पत्ता नाही. मग एका वर्षी दिवाळी झाल्यावर रविवारी सकाळी काका माझ्या दारात उभे राहिले. हातात गंजलेला कोयता. म्हणाले, "खाली चल. मी झाडावर कोयता उगारणार, तू मला अडवायचंस. 'नका हो तोडू, पुढच्या वर्षी धरेल,' असं झाडाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचं. आमच्या गावात असंच करतात. झाड घाबरतं आणि धरतं." मी घाटावरचा माणूस, मला हे नवीन. पण गेलो. काकांनी कोयता उगारला, डोळे वटारले, "यंदा धरणार नसाल तर आजच तोडतो!" अशी गर्जना केली, आणि मला हसू फुटलं. माझं वाक्यच बाहेर येईना. काका कोयता उगारून उभे, डोळ्यांनी मला खुणावताहेत, मी पोट धरून खाली बसलेला. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे आमचे सेक्रेटरी, अर्ध्या दाढीला साबण, कमरेला टॉवेल, अशा अवस्थेत धावत आले. त्यांना वाटलं, काका मलाच तोडायला निघाले. त्यांनी काकांना मागून मिठी मारली आणि किंचाळले, "नका हो काका! नका तोडू!" काका समाधानाने म्हणाले, "ह्याला म्हणतात अडवणं. शिक जरा."

त्यानंतर तो बिल्डिंगचा सणच झाला. दिवाळीनंतरच्या रविवारी सगळे खाली जमायचे, काका कोयता उगारायचे, पोरंबाळं, बायका, मासेवालीसुद्धा एका सुरात ओरडायची, "नका तोडू, पुढच्या वर्षी धरेल!" मग काका कोयता खाली करायचे आणि गवती चहा घातलेला चहा व्हायचा. सेक्रेटरी दर वर्षी टॉवेलवरच यायचे.

ह्याच सेक्रेटरींनी पुढे मागच्या जागेचा पार्क करायची टूम काढली. आजूबाजूच्या सोसायट्यांत रंगीत लाद्या आल्या होत्या, घसरगुंड्या आल्या होत्या, आणि आमच्याकडे अजून अळू. सभेत काका उभे राहिले. "पार्क आणि बाग ह्यात फरक काय, सांगू? 'फुले तोडू नयेत' अशी पाटी लावली की पार्क होतो. बागेत पाटी नसते, ओरडायला एक म्हातारा असतो. पार्कात माणूस फिरायला जातो, बागेत वाकायला. तुमची पाठ वाकत नाही, हे सरळ कबूल करा की." सगळे हसले. पण पहिल्या रांगेतली पोरं म्हणाली, "काका, घसरगुंडी पाहिजे." काकांनी स्वतःच हात वर केला. "पोरांना हवीय तर करा पार्क." ठराव एकमताने पास झाला. घसरगुंडी मधोमध यायची होती, म्हणजे बरोबर रातांब्याच्या जागी.

झाड तोडायला माणूस आला तो रविवार होता. काका घरातून बाहेर आले नाहीत. काकू दारात उभ्या होत्या. ठराव झालेला होता, बोलणार कोण? त्या माणसाने कुऱ्हाड उगारली मात्र, पहिल्या मजल्यावरून आरोळी आली, "नका तोडू! पुढच्या वर्षी धरेल!" सेक्रेटरी! दाढीला साबण, कमरेला टॉवेल. झाड तोडायचा हुकूम त्यांचाच, पण इतक्या वर्षांची सवय, तोंडातून वाक्य निघून गेलं. मग काय, प्रत्येक खिडकीतून तीच आरोळी. मासेवाली माशांची पाटी टाकून झाडाला पाठ लावून उभी राहिली, "नको तोडू त्याला, पानी देते ना मी!" तो माणूस कुऱ्हाड खांद्यावर टाकून म्हणाला, "अगोदर तुमचं नक्की करा." शेवटी घसरगुंडी आडवी बसवली. अजूनही पोरं वरून सुटतात ती थेट न्हाणीच्या भिंतीसमोर थांबतात.

संध्याकाळी काका एकटे रातांब्याशी बसले होते. मी शेजारी टेकलो आणि म्हणालो, "आता तरी धरेल." काका हसले. "नाही रे. हा नर आहे. रातांब्यात नर-मादी वेगळी असतात. पहिल्या फुलांनाच मला कळलं होतं."

"मग दर वर्षी कोयता कशाला?"

"तुम्ही सगळे अडवायला खाली येता ना, म्हणून."

पुढे गुडघे थकले तसे काका-काकू मुलीकडे नाशिकला गेले. निघताना कोयता माझ्या हातात देऊन म्हणाले, "ठेव तुझ्याकडे. धमकी द्यायला धार लागत नाही." आता काका नाहीत. सेक्रेटरी फ्लॅट विकून गेले, जुनी बिऱ्हाडं पांगली, मागे रंगीत लाद्या आहेत, पाटी आहे, आणि मधे पार बांधलेला रातांबा. नळाला पाणीही येतं. दिवाळी झाल्यावर एका रविवारी मला राहवेना. कोयता घेऊन उतरलो आणि ओरडलो, "यंदा धरणार नसाल तर आजच तोडतो!" कोणी आलं नाही. हात वर तसाच राहिला. तो खाली कसा आणायचा, हे काकांनी शिकवलं नव्हतं.

"ओ अंकल! पागल हो गये क्या? मत काटो उसको!"

चौथ्या मजल्यावर नवीन आलेली भाडेकरू बाई, हाताला कणीक तशीच, अनवाणी धावत खाली आली आणि माझ्या आणि झाडाच्या मधे उभी राहिली. "क्या बिगाडा है इसने आपका?"

"कुछ नहीं," मी म्हणालो. "अगले साल धरेगा." आणि कोयता खाली केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली घेऊन चौथ्या मजल्यावर गेलो आणि तिच्याकडे तांदूळ धुतलेलं पाणी मागितलं.