मानाचा शर्टपीस

कुंडलच्या हरणाबाई तीस वर्षं शिवणयंत्रावर बसतात. कापड चिमटीत चुरगाळलं की त्यांना कळतं. सुती असेल तर चुणी राहते, पॉलिस्टर मुर्दाडासारखं पुन्हा सरळ होतं. एवढं कळणाऱ्या या बाईनं सख्ख्या भावासाठी तेच पॉलिस्टर शिवलं. त्याबद्दल त्यांना अजून स्वतःचाच राग येतो.

भाऊ बिरदेव कुपवाडला फौंड्रीत कामाला. त्याला बायकोच्या माहेरच्या लालासाहेबमामांनी त्याच्या लग्नाच्या आहेरात शर्टपीस दिला होता. आमच्याकडच्या आहेराबद्दल न बोललेलंच बरं. देणारा स्वस्तातलं बघून घेतो, घेणारा घडी न मोडता पुढच्या लग्नात खपवतो आणि मधे सगळे मानापानावरून रुसतात. पण हा पीस मामांचा, तो कसा फिरवायचा? हरणाबाईंना हात लावताच कळलं होतं. तरी त्या गप्प बसल्या आणि शिवून दिला.

बिरदेव तो कामावर घालून गेला. कंपनीनं जाड सुती कोट द्यायला हवा होता, तो दिलाच नव्हता. तापल्या लोखंडाच्या रसाचा थेंब उडाला, बाही वितळली आणि दंडाला चिकटली. दवाखान्यात कापडाबरोबर कातडी निघाली.

दोन महिन्यांनी बिरदेव पुन्हा कामावर जाणार, तर आदल्या दिवशी मामा हजर. माणूस बरा झाला म्हणून पुन्हा शर्टपीस, पुन्हा तसाच चकचकीत.

"हरणे, सकाळपतुर शिवून दे," मामा म्हणाले.

हरणाबाईंनी त्यातला धागा ओढला आणि काडी लावली. धाग्याची राख झाली नाही. तो वितळून त्याचा काळा थेंब ताटलीत पडला आणि तिथंच चिकटून बसला.

"आवं मामा, ह्येच त्याच्या दंडावर झालं. म्या ह्ये शिवणार न्हाई."

"आगं, मानानं आणलंय."

"मान घेऊन जावा. उद्या त्यो माज्या हातचा सुती शर्ट घालंल."

मामा चहाला हात न लावता उठले. बिरदेवची बायको बयाबाई रडायला लागली, आता माहेरची माणसं काय म्हणतील म्हणून. बिरदेव बहिणीवरच चिडला.

"आक्का, थोरल्या माणसाला एवढं बोलायचं न्हवतं."

"तवाच बोलले आसते," हरणाबाई म्हणाल्या, "तर तुजा हात धड ऱ्हायला आसता."