न्हाणीघरातली साखळी

आमची आत्या खाणीच्या न्हाणीघरावर कामाला होती, पण तोरा असा की खाण तिच्याच मालकीची. पाळी सुटली की ओळखू येणार नाहीत इतके काळे झालेले बाप्ये दाराशी लोटायचे आणि ही तिथूनच गरजायची, "बूट बाहेर! घरी बायको ऐकून घेत असेल, मी नाही!" भलेभले मुकाट्यानं बूट काढायचे.

त्या न्हाणीघरात कपाटं नव्हती. छताला कप्प्या, कप्प्यांवरून साखळ्या, साखळीच्या टोकाला हुक. खाणीत उतरताना ज्यानं त्यानं घरचे कपडे हुकाला अडकवायचे, साखळी ओढून ते पार छताशी न्यायचे, भिंतीतल्या कडीला कुलूप ठोकायचं आणि किल्ली गळ्यात घालून खाली जायचं. एक नियम मात्र कुणी मोडत नसे. ज्याचे कपडे त्यानंच उतरवायचे, सख्ख्या भावानंही दुसऱ्याच्या साखळीला हात लावायचा नाही. कपडे वर आहेत म्हणजे माणूस खाली आहे आणि तो यायचा आहे, एवढा साधा हिशेब.

तेव्हा गाव कसलं जोरात होतं! शाळा दोनदा भरायची, सिनेमाला तिकीट मिळायचं नाही, शिंप्याकडे कापड टाकलं की महिनाभर खेटे घाला. दोरीवरचं पांढरं संध्याकाळपर्यंत करडं व्हायचं. बायका कुरकुरायच्या आणि पुन्हा धुवायच्या. पोटं त्याच धुरावर भरत होती, तक्रार कुणाकडे करणार?

आत्याचा एकुलता एक मुलगा, माझा दादा, अठराचा झाला तशी ती मोठ्या साहेबांच्या मागे हात धुऊन लागली. रोज दारात उभी. शेवटी साहेब कंटाळले आणि त्याला घेतलं. दादाच्या मनात शिंप्याकडे शिकायचं होतं. "सुई काय धरतोस बायकांसारखी?" म्हणून तिनं त्याला उडवून लावलं आणि अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

वर्षही झालं नाही. खाली आग लागली. जेवढी निघाली तेवढी माणसं वर काढली, मग साहेब लोकांनी ठरवलं की तोंड चिणून टाकायचं, हवा तुटली की आग विझेल, नाहीतर सगळी खाण जाईल. आत माणसं होती. दादा होता. तरी भिंत बांधली. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. मेल्यांनो, आत माणसं होती!

बाकीच्या घरचे एकेक करून आले, कुलूप फोडून कपडे घेऊन गेले, धाय मोकलून रडले. आत्या एवढंच म्हणाली, "किल्ली त्याच्याकडे आहे."

आग काही विझली नाही. आतल्या आत सरकत राहिली. रस्ते तापले, शाळेच्या भिंतीतून धूर यायला लागला, खाण बंद पडली. शिंपी गेला, सिनेमावाला खुर्च्या विकून गेला, लोकांनी जाताना घरांची दारंखिडक्यासुद्धा उपटून नेली. मीही लग्न होऊन गेले. आत्या राहिली. त्या ओसाड न्हाणीघरात जाऊन कप्पीला तेल घालायची आणि मी भेटायला गेले की दादाबद्दल बोलत बसायची. "आता चष्मा लागला असेल गं त्याला. पोटही सुटलं असेल, बापाच्या वळणावर गेलाय." मी चिडायचे, जेवायला वाढ म्हणून विषय बदलायचे.

परवा ठेकेदाराच्या माणसाचा फोन आला. "ताई, न्हाणीघर पाडायला मशीन येतंय. मावशी आतून हलत नाहीत."

मी पोचले तर ही साखळीखाली बाकावर बसलेली.

"ऊठ आत्या."

"वर कपडे आहेत."

माझा तोल सुटला. "किल्ली येणार नाहीये! कधीच येणार नाहीये!"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी बोललं नव्हतं. 

"मला काय ठाऊक नाही होय? माझ्यासमोर बांधली ती भिंत. गवंड्यांना पाणी मीच दिलं." मग हळूच म्हणाली, "खाली घेतले की संपलं ना गं."

मला रडू फुटलं. तीच उठली. ठेकेदाराच्या माणसाकडून करवत मागून घेतली, कुलूप कापलं आणि साखळी हातावर घेत सोडत गेली. तेल घातलेली कप्पी, जराही कुरकुरली नाही.

निळा सदरा होता. तिनं झटकला, खांद्यांना धरून समोर धरला आणि तशीच थबकली. केवढासा तो सदरा! माझ्या धाकट्याला झाला असता, आणि तो अजून शाळेत जातो. इतकी वर्षं ती ज्याला वाढवत बसली होती, त्याचा नव्हताच तो.

"अगं, हा तर पोरच होता," आत्या म्हणाली. तिनं सदरा छातीशी धरला, पुन्हा लांब धरून बघितला. "एवढ्याशा पोराला खाली कुणी पाठवलं गं?"